ऊर भरून येणे : वाक्यात उपयोग करा

अण्णा, परवा एका डॉक्टरनं मला विचारलं, "वडील कशानं गेले?" आणि मी नेहमीसारखं सांगून टाकलं, "अचानक गेले." तीस वर्षं मी हेच सांगत आलेय, सासरी, शाळेत, पाहुण्यारावळ्यांत. हा शब्द लई सोयीचा आहे, त्याच्यापुढं कुणी काही विचारत नाही. पण हा डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा असेल. म्हणाला, "अचानक म्हणजे? आधी काही त्रास? चालताना छातीत दुखणं, दम लागणं, वाटेत थांबावं लागणं?" मी ठसक्यात म्हणाले, "छे हो. शेवटपर्यंत ड्यूटी केली त्यांनी." त्यानं तसं लिहून घेतलं. बाहेर येऊन रिक्षात बसले. क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली आणि सहज डाव्या हाताला नजर गेली. वाळूजहून येणारी तुमची कंपनीची बस तिथंच थांबायची. बाकीची माणसं उतरली की लगबगीनं पांगायची. तुम्ही मात्र डबा एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचात, वाकून चपलेचा पट्टा ओढल्यासारखं करायचात, आणि मग कुठं सावकाश चालायला लागायचात. वाटेत थांबणं. अगं बाई, म्हटलं, हे तर मी रोज बघत होते.

आता हे पत्र कुठं पाठवायचं म्हणून विचारू नका. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा करून आलेय, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय, आणि सोमवारी सकाळी सात वाजता मला उपाशीपोटी दवाखान्यात बोलावलंय. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या नसा बघणार आहेत. कुठं अडलंय, किती अडलंय ते पडद्यावर दिसतं म्हणे. मला भीती वाटतेय, अण्णा. मी मराठीची शिक्षिका, दीडदोनशे पोरांना एका नजरेत गप्प करणारी बाई, पण परवापासून माझा हात सारखा पर्सच्या आतल्या कप्प्यात जातो. तिथं जिभेखाली ठेवायची बारकी गोळी आहे. ती आहे ना, एवढंच बघायचं आणि चेन लावायची, परत दहा मिनिटांनी उघडायची. तुमचे जावई दिवसभर मोबाईलवर हृदयाची माहिती वाचतात आणि वरणात मीठ घालत नाहीत. एवढं बेचव वरण खाऊन जगायचं तरी कशाला, असं मी काल म्हणाले, तर ते हसलेच नाहीत. त्यांच्या न हसण्यानं मला जास्त भ्या वाटलं.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. वह्यांचा गठ्ठा घेऊन जिना चढताना पहिल्या वळणावर छातीच्या मधोमध कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. दुखणं म्हणावं तर दुखणं नाही. जड, आवळल्यासारखं, आणि खालच्या जबड्यात एक विचित्र ठणका. दातच दुखतोय म्हणून मी आधी दातवाल्याकडं जाऊन आले, आहे की नाही गंमत! कठड्याला धरून दोन मिनिटं उभी राहिले की सगळं पळायचं, जणू काही झालंच नव्हतं. मग मी म्हणायची, गॅस असेल. सकाळचे पोहे असतील. आपल्या घरात छातीतल्या कुठल्याही गोष्टीचं नाव गॅसच. मी थांबायची, पोरं बाजूनं धडाधडा चढून जायची, आणि त्यांना संशय नको म्हणून भिंतीवरचे सुविचार वाचत असल्याचं नाटक करायची. तेच सुविचार. मीच लिहिलेले.

शेवटी तुमच्या जावयांनी ओढत नेलं. निजवून ईसीजीची पट्टी काढली, ती चांगली आली. मी उठून चपला घालायला लागले, तर डॉक्टर म्हणाला, "मॅडम, बसा. तुम्हाला झोपल्यावर कुठं त्रास होतोय?" मग त्या फिरत्या पट्ट्यावर चालवलं, अंगाला वायरी चिकटवून. चार-पाच मिनिटांत तो जिन्यातला पाटा आला आणि समोरच्या पडद्यावर रेघा खाली बसल्या. नंतर त्यानं मला समजावलं, आणि मला समजलं ते असं. आपल्या गावातलं नळाचं पाणी. पाणी येतं त्या दिवशी खालच्या मजल्याला धार असते, तोवर कुणाची तक्रार नाही. पण गल्लीत सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की वरच्या टाकीला थेंब चढत नाही. हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं, आणि ते देणाऱ्या नसा आतून चिंचोळ्या झाल्या की बसल्या-निजल्या जेमतेम भागतं. चढ चढा, ओझं उचला, थंडीत भरभर चाला, भरल्या पोटी पळा, रागवा, की मागणी वाढते आणि पुरवठा तेवढाच. मग ते कळवळतं. थांबलं की मागणी कमी होते, दुखणं जातं. "म्हणून ते थांबलं की बरं वाटतं ते बरं होणं नव्हे," तो म्हणाला. "आणि एक ध्यानात ठेवा. आजवर चढताना यायचं ते एखाद दिवशी बसल्या जागी आलं, गोळीनं पाच मिनिटांत गेलं नाही, घाम फुटला, तर ओवा-बिवा चघळत बसायचं नाही. तडक दवाखाना."

ओवा म्हणाला तो. काय कारण होतं त्याला ओवा म्हणायचं?

अण्णा, तुम्ही छातीला कधी गॅस म्हणत नव्हतात. तुमचा शब्द वेगळा होता. आपल्या घराचा चढ लागला, की निम्म्यात हात छातीवर ठेवून म्हणायचात, "थांब गं जरा. भरून आलं." आम्हाला तो शब्द एकाच अर्थानं ठाऊक. आणि तुम्ही होतातच तसे, मऊ. माझ्या पहिल्या पगाराचा पेढा हातावर ठेवला तर डोळे पुसलेले, गाय विकली तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतात. त्यामुळं तुम्ही कुठंही म्हणालात भरून आलं, तर आई पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, "झालं ह्यांचं सुरू. बाईमाणूस व्हायचे ते चुकून बाप्या झाले." पाणी भरताना भरून आलं, सिलिंडर वर चढवताना भरून आलं. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, की सिलिंडर बघून माणसाला कशाला भरून येईल?

मी नोकरीला लागले त्या हिवाळ्यात तुम्ही मला शहागंजच्या बाजारात घेऊन गेलात. थंडी चांगली होती, आणि तुम्हाला गर्दीतून भराभर काढायची मला घाई. घड्याळाच्या दुकानासमोर तुम्ही थबकलात. काचेवर हात टेकलात आणि आतल्या घड्याळांकडं एकटक बघत राहिलात. मी मागं आले. मला वाटलं, अय्या, म्हणजे ह्याच्यासाठी आणलंय होय मला! मी काचेतून बोट दाखवलं, काळ्या पट्ट्याचं, बारीक तबकडीचं. तुम्ही लगेच बोलला नाहीत. चांगला मिनिटभर गेला. मग मान वळवून म्हणालात, "आवडलं व्हय? घे मग." कपाळावर एवढ्या थंडीत घाम होता, तो तुम्ही बाहीला पुसलात. ते घड्याळ अजून माझ्या कपाटात आहे. अण्णांनी स्वतः निवडून आणलं, असं मी माझ्या लेकीला कितीदा सांगितलंय. काल काढून बघितलं. तुम्ही घड्याळ बघतच नव्हतात. कुठल्याही दुकानाची काच चालली असती, भांड्यांची, बांगड्यांची. तुम्हाला फक्त थांबायला निमित्त हवं होतं, मला जसे सुविचार.

एकदा मी विचारलंही होतं, एवढी काही मी दगड नव्हते. जेवताना म्हणाले, "अण्णा, तुम्ही आजकाल लई थांबता रस्त्यात." तुम्ही ताटावरून वर बघितलंत आणि अंगावर आलात. "पाय माझे, रस्ता माझा. तुला घाई असली तर जा की पुढं! बापाची चाल मोजायला शिकवलं का तुला मास्तरकीत?" तुम्ही मला कधी ओरडला नव्हतात. मी ताटावरून उठले, आईनं समजूत काढली. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या आवडीची शेव आणलीत. विषय संपला. मी परत तो काढला नाही, कारण मला परत ओरडून घ्यायचं नव्हतं. बघा, एवढ्याशा गोष्टीवर माणूस गप्प बसतो.

आणि मग माझं लग्न. उन्हाळ्यातलं, भर दुपारचं. पाठवणीच्या वेळी माझी मोठी लोखंडी ट्रंक कुणालाच हात लावू दिला नाहीत. कार्यालयाच्या दारापासून गाडीपर्यंत तुम्ही ती स्वतः उचलून आणलीत, जेवणाच्या पंगतीतून उठून तसेच. ट्रंक टेकवलीत, गाडीच्या टपावर हात ठेवलात, दुसरा हात छातीवर, आणि माझ्याकडं बघून म्हणालात, "भरून आलं गं बाई." बस्स. सगळा मांडव रडला. मावश्या रडल्या, फोटोवाला रडला, माझ्या सासऱ्यांनी तुम्हाला मिठी मारली. सासरी जाईपर्यंत मी हुंदके देत होते, पण आत कुठंतरी मला केवढा अभिमान वाटत होता सांगू! असा बाप कुणाचा आहे, असं.

पुढं मी ते वाक्य फळ्यावर नेलं. वाक्प्रचार : ऊर भरून येणे. अर्थ : भावना दाटून येणे. वाक्यात उपयोग : मुलीच्या पाठवणीच्या वेळी वडिलांचा ऊर भरून आला. दरवर्षी, आठवीच्या वर्गाला. मार्गदर्शकातलं वाक्य मी कधी वापरलं नाही, माझं स्वतःचं होतं ना. किती पोरांनी ते उत्तरपत्रिकेत उतरवलं आणि मी त्यावर बरोबरची खूण केली. यंदाही केली. आता मला सांगा, पंगतीतून उठून, भर उन्हात, पितळेच्या भांड्यांची ट्रंक उचलणाऱ्या माणसाच्या छातीत काय झालं असेल, हे त्या पट्ट्यावर चालल्यावर मला कळायचं काय राहिलं?

लग्नानंतरच्या पहिल्याच आखाडात मी माहेरी आले होते. पहिल्या पाळीला जायचं म्हणून तुम्ही पहाटे उठलात, अंघोळ केलीत, आणि बसमध्ये जायच्या ऐवजी स्वयंपाकघरात ओट्याशी पाटावर बसून राहिलात. चढ नाही, ओझं नाही. बसल्या जागी. "पोरी, आज काय जाईना हे," म्हणालात. या खेपेला भरून आलं म्हणाला नाहीत. आई न्हाणीत होती. मी तव्यावर ओवा भाजला, काळं मीठ घातलं, गरम पाण्यासोबत तुमच्या हातावर दिला. घामानं बनियन भिजलेलं, मी पदरानं वारा घातला. म्हटलं, "पडा जरा, ढेकर आली की बरं वाटेल." तुम्ही शहाण्या लेकरासारखा सगळा ओवा खाल्लात. अर्धा तास गेला, मग पाऊण. गल्लीत रिक्षा उभी होती, अण्णा. मी ती आणली नाही. मी ओवा दिला. हे मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही, म्हणून तर "अचानक."

परवा डॉक्टरनं तारीख दिली तेव्हा मी काय म्हणाले असेन? "दीड महिन्यानं लेकीचं लग्न आहे, त्यानंतर केलं तर नाही का चालणार?" पत्रिका पर्समध्येच होती, काढून दाखवली. त्यानं सावकाश वाचली. "ह्यात तुमचं नाव कुठं आहे?" मी बोट ठेवलं. "निमंत्रक," त्यानं वाचलं. "मग निमंत्रक हजर नको का?" मी ओशाळून सोमवारची तारीख घेतली, पण बाहेर पडताना तुमच्या जावयांना म्हणाले, पोरीला सांगायचं नाही. ती पुण्यात, एकटी, तिच्या आनंदात आहे. सोमवारी काय निघेल ते निघेल, फार काही निघालं तर लग्नानंतर बघू. त्यांनाही ते पटलं. मागच्याच आठवड्यात तिच्या साड्यांच्या पिशव्या घेऊन जिना चढत होते, तिचा फोन चालू, आणि तो पाटा आला. मी बोलायची थांबले. "आई? काय झालं गं?" माझ्या तोंडून गेलं, "काही नाही, भरून आलं." तर पोरगी गहिवरली. "आई, आत्तापासूनच नको ना रडू! मलाही रडू येतं मग." मी तिची समजूत काढली. मला ते वाक्य आयतंच मिळालं, अण्णा. तुमचंच होतं ते.

आज शाळेतून आले तर आई खाली बसून मेथी निवडत होती. ती आता माझ्याकडंच असते, ऐकू फार कमी येतं. मी तिच्यासमोर बसले आणि मोठ्यानं विचारलं, "आई, अण्णांना आधीपासून त्रास होता का गं छातीचा?" मला वाटलं, नाही म्हणेल. तिनं एक काडी मोडली, पानं परातीत टाकली, म्हणाली, "होता की. वर्षभर होता. मी म्हणायची दाखवा, तर म्हणले, पोरीचं उरकू दे. आधी कळलं तर पाहुणे म्हणतील बाप आजारी हाय, अन् पोरगी घोर लावून घेईल. मग आखाडानंतर जातो म्हणले." मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस? तीस वर्षं?" तर म्हणते, "तुला कशापायी सांगायचं? तुझ्या लग्नाची आठवण नासली असती." मी उठायला गेले. तिनं माझं मनगट धरलं, मेथीच्या ओल्या हातानं. "अन् तू का इचारतीस, ते मला कळत नाय व्हय? रोज जिन्यात उभी राहतीस. मला ऐकू येत नाय, डोळे शाबूत हायेत माझे. एकदा गप राहिले बाई मी. आता नाय राहणार. तू पोरीला फोन लाव, नाय तर मी लावते."

ती कसला लावतेय, तिला समोरचं ऐकू तरी येतं का? पण मी लावला. लेकीनं "बोल गं" म्हटल्याबरोबर मी मराठीतलं सगळ्यात साधं वाक्य बोलले, कर्ता, कर्म, क्रियापद. "चढताना माझ्या छातीत दुखतं. हृदयाला रक्त कमी पडतंय. सोमवारी तपासणी आहे." ती एवढी कडाडली की आईलासुद्धा ऐकू गेलं. "म्हणजे त्या दिवशी जिन्यात तू रडत नव्हतीस?" मी म्हणाले, "नाही गं." पोरगी रात्रीच्या आत घरी पोचतेय, निघालीसुद्धा. मग तिच्याच धाकानं मी दवाखान्यात फोन करून डॉक्टरला सगळं सांगितलं. वडील बावन्नाव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेले, वर्षभर त्रास होता, चढावर थांबायचे, बसमधून उतरल्यावर थांबायचे, थंडीत घाम यायचा, शहागंजातल्या दुकानाची काच, सिलिंडर, सगळं. शेवटच्या सकाळी मी त्यांना ओवा दिला, हेही. तो म्हणाला, "मॅडम, तेव्हा पुष्कळांनी तेच केलं असतं. तुम्ही आत्ता सांगितलंत ते बरं केलंत." मी फोन ठेवून ओट्याशी उभी राहिले आणि पोटभर रडले.

तुमच्यापेक्षा मी आता तीन वर्षांनी मोठी आहे, म्हणून बोलते. चुकलात तुम्ही. दाखवायला हवं होतं. माझं लग्न चार महिने उशिरा झालं असतं, काय आभाळ कोसळणार होतं? मला तुमचा राग येतोय, आणि सोमवारची भीती वाटतेय, आणि तुम्ही त्या नळीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले हवे आहात, डबा मांडीवर घेऊन. हे सगळं एकदमच वाटतंय.

हे पत्र मी फाडणार नाही, पण कुणाला दाखवणारही नाही. ते त्या घड्याळाच्या डबीखाली ठेवीन. एक मात्र कबूल करते. डॉक्टरला मी सगळं सांगितलं असं वर लिहिलंय, ते खरं नाही. पाठवणीचं मी सांगितलं नाही. ट्रंक, ऊन, गाडीच्या टपावरचा हात, काहीच नाही. तो विचारत होता, आणखी कधी झालं होतं असं, आठवतंय का? मी म्हणाले, नाही, एवढंच. त्या दिवशी तुम्हाला माझ्यासाठी भरून आलं होतं, अण्णा. तेवढं एक मी कुणालाही दुखणं म्हणून लिहून घेऊ देणार नाही.